आवर्तनाचं पाणी आणि छत्तीस फोटो

परवा सकाळी चहा घेताना मोबाईलवर बातमी आली, भंडारदऱ्यातून उन्हाळी आवर्तन सुटलं. धरणाचं पाणी पाळीपाळीने सोडतात, त्या पाळीला आमच्या नगर जिल्ह्यात आवर्तन म्हणतात, आणि ही बातमी ज्यांचा ऊस नाहीतर गुरांसाठी लावलेला घास वाळतोय त्यांच्यासाठी असते. सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, कुंडीतली तुळस सोडून काहीही भिजवायचं नसलेल्या बाईने ती वाचून कप खाली ठेवायचं काहीच कारण नव्हतं. मी ठेवला.

"झालं. आता आईची नदी सुरू," मुलगी म्हणाली. नवरा पेपर उचलून गॅलरीत गेला.

त्यांची चूक नाही. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यातला खडक दर वर्षी थोडा वाढतो. मागच्या दिवाळीत तो दुमजली झाला होता, असं माझ्या दिरांचं म्हणणं आहे. म्हणून या वेळी लिहूनच काढते. लिहिलेला खडक आहे तेवढाच राहतो, आणि कुणाला मध्येच उठून गॅलरीत जायचं असेल तर मला ते दिसत नाही.

अकरावीची परीक्षा संपली होती. आम्ही तेव्हा भिंगारला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या एका कार्यालयात कारकून होते आणि मागच्या गल्लीत उस्ताद राहायचे. लष्करात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते निवृत्त होऊन घरी आले तरी हाक तीच राहिली. मूळचे तिसगावचे. ज्या गावात पाण्याचा टँकर दिसला की पोरं टाळ्या वाजवायची, त्या गावचा हा माणूस लष्करात जाऊन डोंगरातल्या नद्यांवर कयाक चालवायला शिकला होता. कयाक म्हणजे एकाच माणसाची अरुंद, टोकदार होडी. कमरेपर्यंत आत शिरायचं, भोकाभोवती रबरी घेर ताणून बसवायचा म्हणजे पाणी आत येत नाही, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत सुटायचं. त्या घेराचं खरं नाव स्कर्ट. पण त्या सुट्टीत त्यांनी आम्हा सहा मुलींना शिकवायला घेतलं, आणि आमच्यासमोर उभं राहून उस्तादांच्या तोंडून तो शब्द कधीही बाहेर पडला नाही. "ते आपलं... गुंडाळायचं घ्या," म्हणायचे, आणि आकाशाकडे बघायचे.

आता या नगरी उन्हाळ्यात कयाक शिकायची कुठे? विहिरीत. भिंगारच्या बाहेर एका मळ्यात चांगली ऐसपैस विहीर होती. तिच्यात दोरांनी कयाक सोडायची, मागोमाग पायऱ्यांनी आपण उतरायचं. वर मळेवाल्यांचं अख्खं कुटुंब काठाला हनुवटी टेकून बसायचं. कयाक पालथी झाली की आत डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत वल्ह्याच्या एका झटक्याने पुन्हा सरळ व्हायचं, हा पहिला धडा. ते जमलं नाही तर घेराचा पट्टा ओढायचा, घेर सुटतो, माणूस बाहेर. त्यासाठी पट्टा बाहेर ठेवायचा असतो. मी तो आत दुमडून बसले होते. का, तर लोंबकळताना बरा दिसत नव्हता.

पालथी झाले. झटका जमला नाही. पट्टा शोधला, सापडला नाही. विहिरीच्या त्या पाण्यात डोळे उघडले तर काळं, मिटले तर काळं. उस्तादांनी उडी मारून मला सरळ करेपर्यंत गेले असतील दहाएक सेकंद. मळ्यातली म्हातारी वरून म्हणाली, "पोरगी पिठागत पांढरी झाली की वं!" मी हसले. सगळ्यांसोबत हसले. पण त्या दिवसापासून पाण्यात डोकं गेलं की माझे डोळे आपोआप घट्ट मिटायचे आणि हात वल्हं सोडून द्यायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. उस्तादांना सांगायची गरजही नव्हती.

आणि मग आवर्तन सुटलं.

टेम्पोच्या टपावर कयाकी बांधून आम्ही संगमनेरमार्गे आमच्या जिल्ह्यातल्याच अकोल्याकडे महिनाभराच्या मुक्कामाला निघालो. अण्णांनी त्यांचा कॅमेरा दिला होता, चामड्याच्या पाकिटातला. देताना बजावलं, "एक रोल आहे, छत्तीस फोटो. माणसांची डोकी कापू नकोस. आणि पाण्यापासून लांब ठेव." मी नदीवर चालले होते. तरी मी मान हलवली आणि त्यांचंही समाधान झालं.

राजूरच्या अलीकडे एका गावाजवळ नदीत उतरलो, तेव्हा नदी नव्हतीच. काळ्या खडकांचं रुंद, तापलेलं पात्र, मधे मधे डबकी, वाळूत बकऱ्यांच्या लेंड्या. उस्तादांनी आम्हाला कयाकी वाळूत ओळीने मांडायला लावल्या. "बसा आत. गुंडाळा. वल्ही हातात."

"उस्ताद, पाणी कुठंय?" सविताने विचारलं. सविता माझी मैत्रीण. जगात तिला फक्त पालीची भीती वाटायची.

"निघालंय. तुमी तयार ऱ्हावा. पानी वाट बघत न्हाई."

तर भर एप्रिलच्या उन्हात, ठणठणीत कोरड्या पात्रात, सहा मुली हेल्मेटं घालून होड्यांत बसून राहिलो. अर्धा तास. काठावर धुणं घेऊन आलेल्या बाया होत्या, त्याही त्या पाण्याचीच वाट बघत होत्या. त्यांतली एक, ठकूबाई नावाची, पोट धरून हसत होती.

"अगं ए पोरींनू, वाळूतनं कुठवर जायचं म्हन्ता?"

"संगमनेरपर्यंत, मावशी!" सविता म्हणाली.

"मंग जरा जोरानं हाना की! अंधार पडंल!"

आणि मग ठकूबाईच अचानक गप्प झाली. तिने मान वर केली. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. बकऱ्या आपणहोऊन काठावर चढल्या. मग आवाज आला, कुणीतरी लांबवर वाळलेल्या पानांतून चालत यावं तसा. वळणावरून पाणी आलं. मला वाटलं होतं भिंतीसारखं येईल. ते मात्र हलकेच, चाचपडत आलं. पुढे तपकिरी फेसाची एक झालर, तिच्यात पानं, काटक्या, मुंग्या, एक चप्पल. ते प्रत्येक खळग्यात डोकावायचं, तो भरायचं, मग पुढे सरकायचं. तापलेल्या खडकांना लागलं की चुर्रर्र करायचं आणि खडकांतून पावसासारखा नाही, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा वास यायचा. पाण्याच्या पुढे पुढे एक खेकडा तिरका पळत होता. बायांनी खाली वाकून पाण्याला हात लावून कपाळाला लावला. माझ्या कयाकीच्या टोकाशी फेस आला, दोन्ही बाजूंनी गेला, आणि काही क्षण काहीच झालं नाही. मग माझ्या खालची वाळू सुटली. मी उचलली गेले.

इतक्या वर्षांत मला विमानात बसायला मिळालं, मुलगी झाली, तिला पहिल्यांदा हातात घेतलं. त्या सगळ्या वेळी खालची वाळू सुटल्यासारखं जे वाटलं, ते मला ओळखीचं होतं. ते आधी त्या नदीत होऊन गेलं होतं.

त्याचा फोटो माझ्याकडे नाही. कॅमेरा टेम्पोत होता, पाण्यापासून लांब.

मुलगी हल्ली चहाच्या एका कपाचे पंधरा फोटो काढते आणि त्यातले चौदा पुसते. मी तिला म्हणते, आमच्या वेळी पुसता येत नव्हतं. ती म्हणते, "म्हणजे वाईट फोटोही ठेवावे लागायचे?" हो बाई. वाईट फोटो धुऊन, छापून, पाकिटात घालून हातात द्यायचे. संगमनेरच्या एका स्टुडिओत माझा पहिला रोल असाच हातात आला.

झालं होतं असं की पहिल्या संथ पट्ट्यानंतर खडकांतून धावणारं पाणी सुरू झालं, आणि मी काठावर बसले. पोटात दुखतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी खांदा. तिसऱ्या दिवशी कोणता अवयव काढावा याचा मी विचार करत होते, तेवढ्यात उस्तादच म्हणाले, "तू फोटो काढ. पोरी कुठं चुकतात ते मला कागदावर बघायचंय." रागावले नाहीत. ते मला जास्त लागलं.

मी मन लावून छत्तीस फोटो काढले. स्टुडिओवाल्या काकांनी पाकीट देताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, एक विचारू का? तुम्हाला पाण्याचेच फोटो हवे होते का?"

छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नुसतं पाणी. एकात कोपऱ्यात वल्ह्याचं पातं होतं, बस्स. कयाक समोर दिसली की मी बटण दाबायची, आणि बोट खाली जाईपर्यंत ती पुढे गेलेली असायची. सविताने एकेक फोटो उन्हात धरून पाहिला. "ही मी आहे ना? आता नुकतीच गेले वाटतं." आठवडाभर पोरी एकमेकींना रिकाम्या जागा दाखवून "हा बघ माझा फोटो" म्हणत होत्या.

उस्तादांनी मात्र ते सगळे फोटो गुडघ्यावर मांडून नीट पाहिले. त्यांना फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्याकडचं लष्कर रणगाड्यांचं, आणि हा माणूस त्यातच मुरलेला. म्हणाले, "चालत्या निशाण्यावर गोळा टाकायचा तर कुठं टाकशील?"

"निशाण्यावर."

"मंग धूळच मिळनार. निशाना जिथं जायाचाय तिथं नेम धरायचा आन् वाट बघायची. त्यो येतोय बराबर." मग फोटोतल्या पाण्यावर बोट ठेवून म्हणाले, "आता हितं बोट कुठनं येनार, कुठं जानार, हे तुला कोन सांगंल?"

"सविता?"

"सविताला सोताला ठावं नसतंय. पानी सांगतंय."

त्या दिवसापासून मी काठावरच्या खडकावर बसून पाणी बघायला लागले. दुसरं काही कामच नव्हतं. स्टुडिओतूनच घेतलेल्या दुसऱ्या रोलमध्येही फोटो छत्तीसच, आणि उधळायची आता हिंमत नव्हती. म्हणून एका फोटोसाठी तास तास. दोन खडकांमधून उतरताना पाण्याची एक गुळगुळीत हिरवी पट्टी होते, पुढे निमुळती होत जाणारी. उस्ताद तिला जीभ म्हणायचे. कयाक त्या जिभेवरूनच जाते, तिला दुसरी वाटच नसते. मोठ्या खडकामागे पाणी मागे वळून थांबतं, दम खातं. आणि लाट! मला वाटायचं लाट म्हणजे पुढे पळणारी गोष्ट. नदीतली लाट जागेवर उभी असते. पाणी तिच्यातून निघून जातं, ती तिथेच. ती फुगते, फुटते, बसते, पुन्हा फुगते. श्वास घेतल्यासारखी. मी मोजायला लागले. फुगली की कॅमेरा डोळ्याला, फुटायच्या आधी बटण. धरणाच्या तळातून आलेलं ते पाणी आता इतकं नितळ आणि गार होतं की वर चाळिशीचं ऊन आणि पाय बुडवले तर दात वाजायचे. काळा खडक, हिरवं पाणी, पांढरा फेस. या तीन रंगांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड काय काय करतो ते मी तोंड उघडं टाकून पाहत बसायची. शब्दशः उघडं. एकदा माशी गेली.

ठकूबाईच्या गावच्या बाया भाकरी घेऊन यायच्या तेव्हा विचारायच्या, "ही एकटीच का वं कोरडी?" कुणीतरी सांगायचं, ती फोटोवाली आहे. मला ते आवडायला लागलं होतं. फोटोवाली. म्हणजे भित्री नव्हे, फोटोवाली. माणसाला लपायला पदाइतकी चांगली जागा नाही, हे मला तेव्हाच कळलं. पुढे नोकरीत त्याचा खूप उपयोग झाला.

दुसरा रोल आला. स्टुडिओवाल्या काकांनी या वेळी पाकीट उघडून काउंटरवर स्वतःच मांडलं होतं. सविता जिभेच्या टोकावर, वल्हं हवेत, चेहऱ्यावर थेंबांची माळ. दुसरी एक लाटेच्या आत अर्धी, जणू नदीने तिला ओठांत धरलंय. काका म्हणाले, "लग्नातसुद्धा मला असा एक मिळत नाही हो. नवरा-नवरी तर उभीच असतात." मी हवेत होते. सविताने पुन्हा एकेक फोटो उन्हात धरून पाहिला आणि सगळे परत पाकिटात घातले.

"भारी आहेत," ती म्हणाली. "तू कुठंयस?"

"मी काढलेत ना."

"ते माहितीय. आवर्तन उद्या बंद होतंय. तू कुठंयस?"

तिला भीती वाटत नसे, त्यामुळे तिला भीती दिसत नाही असं मी समजत होते.

आमच्या मार्गावरचं सगळ्यांत अवघड पाणी एडका नावाच्या खडकापाशी होतं. एडका म्हणजे मेंढा. नदी सरळ येऊन त्याच्या कपाळावर आपटायची आणि तो तिला डावीकडे ढकलून द्यायचा. खरं सांगते, खडक माझ्याएवढाच उंच होता. त्याचा मी दोन दिवसांत अर्धा रोल संपवला होता. त्याच्या डावीकडची जीभ कुठे सुरू होते, कुठे डावं वल्हं मारलं की त्याच्या मागच्या शांत पाण्यात जाता येतं, हे मला पाठ होतं. काठावरून मी पोरींना ओरडून सांगायची, आणि त्या माझं ऐकून उतरायच्या. एडक्याची सगळ्यांत जाणकार व्यक्ती मी होते आणि एडक्यातून न गेलेलीही मीच.

शेवटच्या सकाळी पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी सायकलवरून सांगत गेला, वर दरवाजे बंद झाले, दुपारपर्यंत पाणी ओसरेल. मी उस्तादांपुढे जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मी जाते." आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पट्टा?"

मी पट्टा बाहेर काढून दाखवला. चांगला लोंबत होता.

"पालथी झालीस तर?"

"डोळे मिटतात माझे, उस्ताद. आपोआप."

"म्हाईत हाय." ते बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन खालच्या खडकाकडे चालू लागले. जाता जाता म्हणाले, "फोटो काढताना मिटत न्हाईत."

नवा रोल घातलेला कॅमेरा सविताकडे दिला. कयाकीत बसले, गुंडाळलं, सुटले. सांगायला अभिमान वाटतो, मी अप्रतिम गेले. जीभ जिथे असायला हवी होती तिथेच होती. मी खडकाकडे पाहिलं नाही, जिथे जायचं तिथे पाहिलं. लाट फुगायच्या आत तिच्यावर चढले, डावं वल्हं मारलं, टोक वळलं. एडका उजवीकडून माझ्या खांद्यालगत गेला. काठावर ठकूबाई दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. अजून एक वल्हं मारायचं होतं. फक्त एक. आणि तेवढ्यात मला काठावर कॅमेरा डोळ्याला लावलेली सविता दिसली.

मी तिच्याकडे बघून हसले. फोटोसाठी. मान थोडी तिरकी करून, लग्नात उभं राहतात तशी.

नदीने तेवढ्यात मला पालथं घातलं.

आत गेले. गार पाणी नाकात शिरलं, डोळे मिटले, हात वल्ह्यावरून सुटायला लागले. विहीर. तीच. आणि मग, मला आजही नेमकं सांगता येत नाही, पण उस्तादांचं ते जाता जाताचं बोलणं असेल किंवा महिनाभर जडलेली खोड असेल, मला वाटलं, बघू तरी. मी डोळे उघडले.

विहिरीतला अंधार मी सगळ्या पाण्याच्या नावावर जमा केला होता. हे पाणी आतून पेटलेलं होतं. हिरवं, अगदी कोवळ्या घासासारखं हिरवं, आणि त्यातून उन्हाच्या तिरप्या काड्या गेलेल्या. मी उलटी असल्यामुळे बुडबुडे वरून खाली पडत होते, हजारो, चांदीचे. तळाचे गोटे माझ्या डोक्यावर छतासारखे, प्रत्येकावर उजेडाची एक जाळी हलत होती. आवाज नव्हता. वर एवढा धिंगाणा घालणारी नदी आतून गप्प होती, आणि मी तिच्या आत टांगलेली, माझे केस सावकाश हलताहेत. एक छोटा मासा खडकामागच्या शांत पाण्यात एका जागी स्थिर होता. लाटेसारखाच. तो माझ्याकडे बघत नव्हता. इथे रोजच मुली उलट्या टांगलेल्या असतात, असा त्याचा चेहरा.

वल्ह्याचा झटका मारायचा असतो हे मला आठवलं, मारला, निम्मी वर आले, परत गेले. हरकत नव्हती. पुन्हा एकदा बघितलं. मग शांतपणे पट्टा चाचपला, ओढला आणि बाहेर आले. उस्तादांची दोरी बरोबर माझ्या खांद्यावर पडली.

काठावर पोचले तर सविता रडत होती. पालीशिवाय ती कशाला तरी घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली. "किती वेळ! मला वाटलं तू... मूर्ख! हसलीस काय!" ठकूबाई पदराने माझं डोकं इतक्या जोरात पुसत होती की केस उपटायची वेळ आली. उस्ताद दोरी गुंडाळत विचारते झाले, "घाबरलीस?"

मला पुष्कळ सांगायचं होतं. दात इतके वाजत होते की एवढंच निघालं, "उस्ताद, आत लई उजेड हाय."

ते गुंडाळायचे थांबले. मग म्हणाले, "व्हय. पन ज्यानं त्यानं जाऊनच बघायचं असतंय त्ये."

आता त्या बाजूला खाली निळवंड्याचं धरण झालं. एडका त्याच्या फुगवट्याखाली कुठेतरी आहे, खोल. गेल्या वर्षी नवऱ्याला घेऊन वरच्या रस्त्यावर थांबले होते. तो म्हणाला, "वाईट वाटतंय?" मी पाहत राहिले. एवढं मोठं, सपाट, मुकं पाणी. वरून बघणाऱ्याला त्याच्यात काहीच दिसत नाही, आणि त्याच्या आत काय असतं ते मला माहीत आहे. वाईट वाटायला फुरसत झाली नाही.

आवर्तनाच्या त्या शेवटच्या दिवशी दुपारी पाणी उतरायला लागलं. खडकांच्या ओल्या कडा वरून वाळत येत होत्या, जीभ अरुंद होत होती. पोरी कयाकी टेम्पोकडे नेत होत्या. मी माझी खांद्यावर घेतली आणि उलट्या दिशेला, वर चालू लागले. मागून उस्ताद ओरडले नाहीत. दोरीची पिशवी घेऊन पुन्हा खालच्या खडकावर जाऊन उभे राहिले. पाणी पुरलं तोवर मी आणखी तीनदा एडक्यातून उतरले, आणि त्यातल्या दोन वेळा, त्याच्या मागच्या शांत पाण्यात पोचल्यावर, काहीच कारण नसताना, मुद्दाम पालथी झाले.